समिती येते, टँकर जातात

सरकारी कचेरीत दोन गोष्टी न मागता साठतात. धूळ आणि किस्से! धूळ झटकायला शिपाई असतो. किस्से झटकायचे तर आधी रिटायर व्हावं लागतं, आणि समोर तुमच्यासारखी रिकामटेकडी मंडळी बसावी लागतात.

सत्तरच्या दशकात मी विधिमंडळात लघुलेखक होतो. नागपूरचं हिवाळी अधिवेशन आलं की माझी नेमणूक ठरलेली, आश्वासन समिती. मंत्री सभागृहात उठून "व्यवस्था केली जाईल" म्हणतात ना, ती खरंच केली का हे बघणारी समिती. थोडक्यात, आम्हाला संशय घेण्याचाच पगार होता.

समितीचे प्रमुख डोमाजीभाऊ. रामटेकचे आमदार, घरी धानाची शेती. भाजीवाल्यानं मूठभर कोथिंबीर फुकट टाकली तरी "काहून टाकली?" असं विचारल्याशिवाय पिशवी न उचलणारा माणूस!

त्या वर्षांत आमच्या मागे एक आश्वासन हात धुवून लागलं होतं. शहराबाहेर एक तेलाचा डेपो होता. त्याची स्वतःची रेल्वे सायडिंग, म्हणजे डेपोपर्यंत आणलेला जोडरूळ, आणि सायडिंगला लागूनच हमालांची चाळ. पेट्रोलनं भरलेले रेल्वेचे टँकर थेट दारांपुढे उभे राहायचे. एक ठिणगी उडाली असती तर चाळ शिल्लक राहिली नसती. मंत्र्यांनी सभागृहात सांगितलं होतं, "वस्तीजवळ भरलेले टँकर उभे राहणार नाहीत." ते खरोखर राहत नाहीत ना, हे आम्ही बघायचं होतं.

आम्ही जायचो तेव्हा सायडिंग रिकामीच असायची. चाळीतली माणसं मॅनेजरसमोर तोंड उघडायची नाहीत, रोजी डेपोतच ना! डोमाजीभाऊंचा संशय त्यामुळेच वाढत गेला.

*

पहिल्याच भेटीत डेपोचे मॅनेजर तेलंग साहेब आम्हाला सगळं फिरवून दाखवत होते. "इथे काडी पेटवायला सक्त मनाई आहे, सर. गेटवर खिसे तपासतो आम्ही."

भिंतीला आग विझवायच्या लाल बादल्या टांगलेल्या, वाळूनं भरलेल्या. डोमाजीभाऊंनी एका बादलीत हात घातला. मूठ उघडली तर निम्मी वाळू आणि निम्मी विड्यांची थोटकं!

तेलंग साहेब जराही डगमगले नाहीत. "वाऱ्यानं उडून आली असतील, सर."

"असंन. पन वाऱ्याले माचिस कोनं देल्ली?"

*

दुसऱ्या वेळी सायडिंग पुन्हा रिकामी. डोमाजीभाऊ रुळांकडे टक लावून बघत राहिले. रूळ चांदीसारखे चकचकीत. वापरात नसलेला रूळ दोन पावसांत गंजून तांबडा होतो, हे शेतकऱ्यालाही कळतं.

"तेलंग साहेब, इथं गाड्या येत नाहीत म्हनता. मंग रूळ चमकून कसे राहिले?"

तेलंग साहेब म्हणाले, "समिती येणार म्हणून पुसून घेतले, सर!"

*

मग साक्षीला बोलावलं सगळ्यांना. एका टेबलाभोवती रेल्वेचे साहेब, डेपोचे तेलंग आणि कार्पोरेशनचे एक अधिकारी. मी पेन्सिल सरसावून बसलो.

रेल्वे म्हणाली, "टँकर आमचे, पण सायडिंग डेपोची."

डेपो म्हणाला, "सायडिंग आमची, पण टँकर कुठे उभा करायचा ते इंजिनवाला ठरवतो. इंजिन रेल्वेचं."

कार्पोरेशन म्हणालं, "चाळ आमच्या हद्दीत आहे, पण आमच्या परवानगीची नाही."

डोमाजीभाऊंनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "बरं. म्हंजे उद्या भडका उडाला तं तो कोनाचा समजाचा?"

  कार्पोरेशनवाले घसा खाकरून म्हणाले, "ते तो कुठून कुठे पसरतो त्यावर आहे, सर!"

मला हसू आलं नाही. हे मी जसंच्या तसं लिहून घेतलं.

*

एकदा निघताना जीपमध्ये संत्र्यांची टोपली दिसली. तेलंग साहेबांची भेट. डोमाजीभाऊंनी ती गेटवरच उपडी करायला लावली. आमचा ड्रायव्हर शंकर एकेक संत्रं उचलून पाहत होता. टोपलीच्या तळाशी पाकीट नाही, काही नाही. नुसता कडबा!

मला वाटलं, आता तरी भाऊ ओशाळतील. पण त्यांचा चेहरा आणखीच काळजीत पडला.

"नुसते संत्रे? मंग मामला लय मोठा दिसते गा, शंकर!"

*

प्रत्येक वेळी डेपोला आधी खबर कशी लागते? हा प्रश्न भाऊंना झोपू देत नव्हता. शंकरवर संशय घेऊन झाला, मग माझी पाळी आली. "तुमी धरमपेठेत राहता. तेलंगही धरमपेठेतच राहते."

"भाऊ, अर्धं ऑफिस धरमपेठेत राहतं!"

"मंग अर्ध्या ऑफिसवर संशय हाय माहा."

त्यांनी सापळा लावला. सकाळी ऑफिसभर मोठ्यानं सांगितलं, "आज काही दौरा नाही. मी रामटेकले दर्शनाले चाललो." नारळ आणवला, हार आणवला. जीप रामटेकच्या रस्त्याला लागली, थोडी पुढे गेली, आणि भाऊंनी शंकरच्या खांद्यावर थाप मारली. "फिरव! डेपोवर घे!"

डेपोच्या गेटवर तेलंग साहेब उभे! इस्त्रीचा शर्ट, हातात पुष्पगुच्छ. मागे सायडिंग रिकामी.

भाऊ माझ्याकडे असे बघू लागले की मला खाली उतरून चालत जावंसं वाटलं. तेलंगांनीच माझी सुटका केली.

"यांचा दोष नाही, सर. आपलं घरच रामटेकला. घरी जायला कोणी नारळ घेऊन निघतं का?"

*

आणि मग ती शेवटची भेट. दुसऱ्या दिवशी अहवालावर सही व्हायची होती. पुरावा नाही म्हणजे 'आश्वासन पूर्ण' असा शेरा पडणार, आणि एकदा तो पडला की त्या चाळीकडे पुन्हा कुणी फिरकणार नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

दुपार कलली होती. सायडिंग रिकामीच. तेलंग साहेब मायेनं म्हणाले, "आता तरी विश्वास ठेवा, सर."

 डोमाजीभाऊ हरलेला माणूस चालतो तसे जीपकडे चालले. मला फार वाईट वाटलं त्यांचं. चाळीपाशी मात्र ते थबकले. नाक वर करून वास घेऊ लागले.

चाळीच्या एकूण एक दारापुढे चूल पेटलेली! कुठे भाकरी थापणं चाललेलं, कुठे वांग्याला फोडणी, एका कढईत तर चक्क वडे. जेवणवेळ केव्हाच टळलेली, सणही नाही. एवढ्या बायका एकाच वेळी रांधतायत, आणि तेही घाईघाईनं.

वडे तळत होती ती पार्बताबाई. तिच्यापाशी भाऊ उकिडवे बसले. "काहून वं माय, या टायमाले सयपाक? कोनाचं लगन हाय काय?"

"लगन कायचं, बापा. तुमी आले ना आज."

"आमच्यासाठी करून राहिल्या?"

"नाही जी! तुमी आले म्हंजे गाड्या हटवतेत हे. मंग चूल पेटवता येते दारात. नाहीतं रोज नाल्यापल्याड जाऊन शिजवा लागते, पोरंसोरं घेऊन."

तेलंग साहेब पुढे सरसावले. "अहो बाई, काय बोलता तुम्ही..."

भाऊंनी त्यांना हातानंच थांबवलं. मी खिशातली पेन्सिल काढली.

पार्बताबाईनं कढईतला वडा उलटवला. मग जरा लाजून, आवाज खाली आणून तिनं विचारलं,

"साहेब, आता पुना कधी येसान, तेवढं सांगून ठेवा जी. पोरीच्या लग्नाची तारीख धराची हाय."