कॉमेंट्रीकाका

आमच्या शेजारचे काका जे काही करत, ते बोलून करत. कुलूप लावलं की "लावलं", ओढून पाहिलं की "ओढलं, बसलंय". स्कूटर काढताना पेट्रोलचा खटका, चोक, किक, सगळं नावं घेऊन. चहा करतानासुद्धा दूध कधी घातलं आणि गॅस कधी बारीक केला, हे आमच्या अंगणापर्यंत ऐकू यायचं. ग्वाल्हेरात थाटीपूरच्या आमच्या गल्लीत त्यांचं नाव कॉमेंट्रीकाका पडलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. ही सवय त्यांना रिटायर झाल्यावर लागली. माझी आई म्हणायची, जन्मभर ऑफिसात हाताखाली माणसं होती, आता ऐकायला कुणी उरलं नाही म्हणून भिंतींना सांगतात. आम्हा सगळ्यांना ते पटलं होतं.

या कॉमेंट्रीला खरा बहर यायचा तो काका कंप्यूटरपुढे बसले की. कंप्यूटर म्हणजे एक पिवळट पडलेला डबा. त्यातल्या सिस्टिमचा सपोर्ट कंपनीने केव्हाच बंद केला होता. जे काही जुने अपडेट अजून मिळत, ते मागायला जावं तर पडद्यावर लाल फुली यायची आणि तिच्याखाली लांबलचक नंबर. मी बँकेत नोकरी करतो. कंप्यूटर अडला की फोन करून माणूस बोलावणे, एवढीच माझी त्यातली विद्या. तरी रविवारी सकाळी काकांची हाक आली की मला जावंच लागे. शेजारी बसून ऐकायला त्यांना कुणीतरी हवं असे, आणि काकूंच्या हातचे पोहे मला हवे असत. असा तो सौदा होता.

हा सगळा खटाटोप काकूंसाठी होता. काकू शाळेत हिंदी शिकवत आणि घरी येऊन मराठी वाचत. हातात पुस्तक नाही अशा काकू मला लहानपणी पाहिल्याच्या आठवत नाहीत. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली आणि मग पूर्णच गेली. तेव्हा अंधांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने त्यांना एक बोलणारा प्रोग्राम दिला. पडद्यावरचं मराठी तो मोठ्याने वाचून दाखवी. आवाज असा, की आणखी चार घरच्या पूजा बाकी असलेले भटजी पोथी आटपताहेत. काकूंनी त्याचं नावच भटजी ठेवलं. वर्तमानपत्रं, गोष्टी, बेंगळुरूच्या लेकीच्या मेल, सगळं भटजी वाचायचा. पण हा भटजी फक्त त्या जुन्या सिस्टिमवरच बोले, आणि त्याला बनवणारे आता कुठे होते कुणास ठाऊक. डबा बंद पडला की काकूंचं वाचन बंद, हे आम्हा सगळ्यांना स्वच्छ दिसत होतं.

लेकीने नवा लॅपटॉप पाठवलाही होता. त्यातली बाई भटजीपेक्षा कितीतरी गोड बोलायची. पण तिच्या खुणा वेगळ्या, बटणं वेगळी. काकूंनी आठवडाभर झटापट केली आणि एक दिवस त्याच्यावर क्रोशाचं आवरण घालून तो कपाटावर ठेवून दिला. मी काकांना म्हटलं, थोडी सवय करायला लावा की. काका म्हणाले, "तिच्या बोटांना हे घर पाठ आहे, मुकुंदा. आता नव्या घरात नेऊन पुन्हा भिंती चाचपायला लावू का?"

डबा दुरुस्त करण्याचा त्यांचा एक ठरलेला विधी होता. त्याचा पहिला मंत्र, "आधी तारीख." डब्याच्या पोटात घड्याळापुरता एक गोल सेल असतो. त्याची पकड ढिली झाली होती. त्यामुळे लाईट गेली की डबा तारीख विसरून कुठल्या तरी जुन्या एक जानेवारीला जाऊन बसायचा. तारीख चुकली की नेटवरची एकही साइट त्याला दारात उभं करत नसे. मग काका सुरू करत: "तारीख वापस पळाली. एक शिटी वाजली, आता हा गप्प बसणार. रुसला नाहीये, वाट बघतोय. एफ वन दाबतोय. सगळ्यात वरची ओळ, डावीकडून दुसरं बटण." मी चक्क बँकेतला माणूस, आणि मला एफ वन कुठे असतं ते दर रविवारी सांगितलं जायचं. माझा चेहरा बघून आतल्या खोलीत मटार सोलत बसलेल्या काकूंना हसू येण्याचा प्रश्न नव्हता, पण मला उगीच वाटायचं की त्या हसताहेत.

मग अपडेटची पाळी. "अर्धवट उतरलेलं सामान आधी फेकायचं. जुनं खरकटं असलं की नवीन वाढता येत नाही." मग एकेक अपडेट क्रमाने. मध्येच लाल फुली यायची आणि काका तो नंबर एखाद्या श्लोकासारखा मोठ्याने म्हणायचे, शून्य, एक्स, आठ, शून्य, शून्य. मी कंटाळून म्हणायचो, काका, पुन्हा तीच फुली. ते म्हणायचे, "फुली तीच, पण नंबर बदलला. नंबर बदलला म्हणजे प्रगती आहे." हे वाक्य मी पुढे बँकेतही वापरलं, साहेबांना ते आवडलं नाही.

सुटे भाग आणायला आम्ही नई सडकेवर जात असू. तिथला दुकानदार त्यांना बघूनच हात जोडायचा. एकदा तो म्हणाला, "बाबूजी, अब इसको जाने दो." काका सेल खिशात टाकत म्हणाले, "जाएगा भैया. पहले हम जाएँगे, फिर ये जाएगा." दुकानदार हसला, मीही हसलो.

पुण्याहून आलेल्या माझ्या मेव्हण्याने एकदा त्यांना ऐकवलं, की सपोर्ट नसलेली सिस्टिम वापरणं धोक्याचं असतं. काकांनी त्याला पोह्यांची बशी दिली आणि म्हणाले, "आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी लोकांचा सपोर्ट पुण्याने कधी बंद केला, तुम्हाला आठवतं? अपडेट तर एक आला नाही. चालून राहिलोच आहोत ना?" मेव्हणा तोपर्यंत आमच्या मराठीला मनमुराद हसत होता. त्यानंतर त्याने पोहे खाल्ले.

गेल्या थंडीत काका गेले. सकाळी स्कूटर काढायला गेले आणि कॉमेंट्री अर्ध्यावर थांबली. मी अंगणात दात घासत होतो. गल्लीतला आवाज बंद झाला म्हणून मी मान वर केली, एवढंच मला आठवतं. त्या माणसावर माझा फार जीव होता, आणि ते मला त्या दिवशी कळलं.

लेक आली. तेराव्यानंतर ती काकूंना बेंगळुरूला चला म्हणाली. तिचंही चूक नव्हतं. दिसत नाही, वाचायचं बंद, रिकाम्या घरात ही बाई दिवसभर करणार काय? काकूंनी महिनाभराची मुदत मागून घेतली. जाताना लेकीने मला बाजूला घेऊन सांगितलं, की जमलं तर नवा लॅपटॉप तरी लावून द्या, नाही जमलं तर मी न्यायला येतेच. मी हो म्हटलं. लावता मला कुठे येत होता?

मग काकूंचे फोन सुरू झाले. रोज सकाळी, मी बँकेत निघण्याच्या घाईत असताना. "मुकुंदा, आज तारीख काय? आणि वाजले किती? मिनिटांसकट सांग." मी सांगायचो, त्या ठेवून द्यायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बायको म्हणाली, काकू अजून काकांच्या धक्क्यातून सावरलेल्या दिसत नाहीत, लेकीला कळवा. मलाही तसंच वाटायला लागलं. रविवारी मी कपाटावरचा लॅपटॉप काढायचा, असं ठरवून त्यांच्याकडे गेलो.

दार उघडंच होतं. काकू काकांच्या खुर्चीत बसल्या होत्या. डब्याची शिटी वाजली आणि त्या स्वतःशीच बोलायला लागल्या. "वाट बघतोय. वरची ओळ, डावीकडून दुसरं." बोट बरोबर एफ वनवर गेलं. थोड्या वेळाने भटजी खाकरल्यासारखा बोलू लागला. काकूंनी आधी तारीख घातली. मग जुनं खरकटं फेकलं. लाल फुली आली आणि भटजीने नंबर वाचला, शून्य, एक्स, आठ.

"कालचा नंबर वेगळा होता," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. माझी चाहूल त्यांना दारातच लागली होती.

मी कसंबसं म्हटलं, "म्हणजे प्रगती आहे."

बराच वेळ त्या एकेक बटण चाचपत राहिल्या आणि मी शेजारी माझ्या नेहमीच्या जागी बसून ऐकत राहिलो. शेवटी साइटने दार उघडलं. भटजीने कालच्या वर्तमानपत्रातली एक बातमी एका दमात आटपली. काकूंनी पाठ खुर्चीला टेकली.

मी विचारलं, "काकांनी तुम्हाला हे कधी शिकवलं?"

"शिकवलं कुठे रे. हे इथे बोलत बसायचे आणि मी तिथे मटार सोलत बसायचे." त्यांनी एफ वनवरून बोट फिरवलं. "समोर बसवून शिकवायला लागले असते, तर मी शिकले असते होय? मी म्हटलं असतं, मला कशाला, तुम्ही आहात ना."

मी लेकीला फोन लावून काकूंच्या हातात दिला आणि पोहे करायला आत गेलो. कांदा चिरला, मोहरी टाकली, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी ते मोठ्याने सांगतो आहे.