थांबाकाकांची काच

माणसाला टोपणनाव पडायला एक खोड पुरते. जुन्या घरांच्या छतांना टेकू लावून देणाऱ्या या गवंड्याला सगळे थांबाकाका म्हणत, कारण भिंत पाडायची वेळ आली की ते हमखास "थांबा!" म्हणायचे. बायको म्हणायची, हा माणूस घास तोंडापाशी नेतो आणि तिथंही थांबतो.

पण त्यांच्या हाताखाली कधी छत खाली आलं नाही, हेही तितकंच खरं. त्यांची रीत ठरलेली. भिंतीतल्या भेगेवर काचेची पट्टी आडवी धरायची आणि दोन्ही टोकं प्लास्टरनं चिकटवायची. भिंत केसभर सरकली तरी काच तडकते. काच तडकली की काम बंद, मग मालक कितीही आदळआपट करो.

या खेपेला मालकीण त्यांची स्वतःची लेक होती, आणि तिनं आदळआपट करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. तिचं सासरचं घर फार जुनं, दगडी. कमरेचं हाड मोडल्यापासून सासरे वरच्या मजल्यावर अडकून पडलेले. खालच्या दोन अंधाऱ्या खोल्यांची एक करून, शेजारी न्हाणीघर काढून, त्यांना खाली आणायचं होतं. मधली भिंत जाणार, तिच्या जागी लोखंडी तुळई येणार आणि कोरीव लाकडी छत जसंच्या तसं राहणार. बोलायला सोपं! तुळई बसेपर्यंत ते छत, आणि छतावर खाटेसकट सासरे, सगळा भार काकांच्या टेकूंवर.

आधी दोनदा काच तडकली होती, दोनदा काम थांबलं होतं. दोन्ही वेळा सासऱ्यांना शेजाऱ्यांकडे उचलून नेलं होतं. तिसऱ्यांदा ते ऐकेनात. "व्याहीबुवा, काच शाबूत आहे ना? मग मी हलत नाही. मला काय कपाट समजलात?"

"बाबा, आज थांबा म्हणालात ना," लेक म्हणाली, "तर मी दुसरा माणूस बघेन. खरंच सांगते."

ते काकांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी एकेक टेकू ठोकून पाहिला. मग काच पाहिली. अखंड होती. सवयीनं प्लास्टरवर बोट फिरवलं, तर ते गार, जरासं ओलसर लागलं. चार दिवसांचं प्लास्टर ओलं कसं? भिंतीलाच ओल आली असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि ओठावर आलेला शब्द गिळला.

"चालू द्या," ते म्हणाले.

गड्यानं भिंतीवर छिन्नी टेकवली. पहिला घाव पडला, वरून माती भुरभुरली. दुसऱ्या घावाला एक टेकू करकरला. गड्यानं तिसऱ्यांदा हातोडा उचलला.

"थांबा!"

आवाज लेकीचा होता. तिनं धावत जाऊन गड्याचा हात धरला होता. "बाबा, काच सकाळी तडकली होती. झाडूचा दांडा लागला असेल असं वाटलं मला. तुम्ही परत काम बंद केलं असतं, म्हणून मीच नवी लावली."

काच चिकटवायला तिला लहानपणी काकांनीच शिकवलं होतं.

"आधी व्याह्यांना बाहेर काढा," एवढंच ते बोलले. चौघांनी खाट जिन्यावरून उतरवली. सासरे वाटभर कुरकुरत होते. करकरलेल्या टेकूखालची फरशी उचलली, तर खाली जमीन खचून पोकळ झालेली. झाडूचा काही संबंधच नव्हता.

लेक पायरीवर बसून रडायला लागली. "मला मारा, बाबा, पण असं गप्प बसू नका."

काका तिच्याशेजारी बसले.

"मला प्लास्टर ओलं लागलं होतं गं," ते म्हणाले. "तू दुसरा माणूस बघशील, म्हणून गप्प बसलो."