धूर आणि किल्ली

सकाळच्या कोवळ्या उन्हात आमच्या गोत्रीच्या सोसायटीच्या फाटकापाशी काळ्या धुराचा लोट रेंगाळला आणि डिझेलचा कडवट दर्प माझ्या घशात उतरला. बाबांची जुनी टर्बो गाडी तिसऱ्यांदा बंद पडली होती. मागे हॉर्नचा कल्लोळ, आणि स्टिअरिंगवर रेल्वेतून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीचे माझे बाबा, ओशाळलेले.

संशय किती मृदू पावलांनी घरात शिरतो! आधी मी त्यांच्या शेजारी बसून गुपचूप त्यांचा पाय न्याहाळू लागले. क्लच लवकर सुटतो का? पाय थरथरतो का? मग एके दिवशी मी त्यांची किल्ली तूरडाळीच्या डब्यात लपवली. गाडी चालवू नका म्हणण्यापेक्षा लपवणे सोपे वाटले मला. दोन दिवस ते खिसे, कपाट, देव्हारा धुंडाळत राहिले.

तिसऱ्या दिवशी, गाडी विकूनच टाकायची असे मनाशी ठरवून, त्याआधी तपासून घ्यावी म्हणून, माझ्याजवळच्या दुसऱ्या किल्लीने मीच ती बाहेर काढली. अलकापुरीच्या सिग्नलला ती माझ्याही पायाखाली गचके देऊन बंद पडली!

हरणीच्या गॅरेजात मेकॅनिक रमणभाईंनी बॉनेट उघडले, तेव्हा माझा संशय त्यांच्याकडे वळला. आता हा माणूस टर्बोच गेला म्हणून मोठा खर्च सांगणार! पण त्यांनी मला जवळ बोलावले. धुराचा काही अंश पुन्हा इंजिनात सोडणारी एक झडप असते. तिच्या तोंडाशी त्यांनी पत्र्याचा तुकडा बसवून वाट बंद केली आणि गाडी सुरू केली. इतके दिवस थरथरणारे इंजिन एका लयीत गुणगुणू लागले. मग त्यांनी झडप खोलून दाखवली. काजळीच्या थरांनी ती उघडीच अडकून बसली होती.

"बेन, गाडी कोण चलावे छे?" त्यांनी गुजरातीत विचारले.

"माझे बाबा. वाटलं, वयामुळे त्यांचंच काही चुकतंय."

"काकानो कंई वांक नथी," काजळी खरवडत ते म्हणाले. "आ वाल्व जाम छे, बस."

वांक, म्हणजे दोष, त्यांचा नव्हताच. मग तो कोणाचा होता?

घरी परतले तेव्हा बाबा टेबलाशी बसून एका नव्या वहीत लिहीत होते: चष्मा, उशीजवळ. औषध, फ्रिजवर. छत्री, दारामागे.

"हे काय, बाबा?"

"हल्ली विसरायला लागलोय गं. किल्ली कुठे ठेवली, काही केल्या आठवत नाही. डॉक्टरांची वेळ घेतलीय. तुला सांगणार नव्हतो."

मी स्वयंपाकघरातून डबा आणला, त्यांच्यासमोर डाळीतून किल्ली काढली.

"मी लपवली होती, बाबा."

ते रागावतील, या आशेने मी उभी होते. पण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू लहान मुलाचा आनंद उमटत गेला.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

त्या आनंदाकडे मला बघवेना.