खोड सांगून दिलेली गाडी

मंगळवारी सकाळी बातमी आली की आमच्या कंपनीने डिझेल गाड्यांच्या चाचणीत फसवणूक केली. शनिवारी रावसाहेबांनी त्यांची गाडी भागवतच्या दारात आणून लावली आणि ते एसटीने घोडेगावला परत गेले.

मी तेव्हा नगरच्या एमआयडीसीत, त्या परदेशी कंपनीच्या डीलरकडे सर्व्हिस मॅनेजर होतो. भागवत शोरूममध्ये गाड्या विकायचा. आमची ओळख मात्र वाचनालयातली. मागच्या हिवाळ्यात तो गेला. त्याच्याबद्दल लिहायला बसलो की हाच प्रसंग आधी आठवतो.

त्या शनिवारी भागवतच्या बायकोने, वहिनींनी, फोन करून मला घरी बोलावलं. गाडीची किल्ली त्यांच्या हातात होती.

"भाऊजी, रावसाहेब रागावले वगैरे नाहीत. चहासुद्धा घेतला. मग किल्ली ठेवली आणि म्हणाले, जनावर फिरलं."

भागवत पायरीवर बसला होता. त्याला याचा अर्थ लगेच कळला होता. मला त्याने समजावून सांगितला.

रावसाहेब जनावरांचे व्यापारी. घोडेगावच्या बाजारात काही जण गाईची धार न काढता, कास तुंबवून तिला आणतात. भरलेली कास बघून गिऱ्हाईक भुलतं. घरी नेल्यावर दूध निम्मंही निघत नाही. अशा वेळी ज्याच्या शब्दावर सौदा झाला, त्याच्या दारात गाय परत नेऊन बांधतात. भांडत नाहीत. बांधतात आणि निघून येतात. रावसाहेबांनी तेच केलं होतं. गाडी कंपनीची असली तरी शब्द भागवतचा होता.

"गाडी घेताना त्यांनी मला एकच विचारलं होतं," भागवत म्हणाला. "सुनेला दमा आहे. गाडी ओसरीला लागून उभी राहणार. चालेल का? मी म्हणालो, बिनघोर लावा."

फसवणूक काय होती ते थोडक्यात सांगतो. डिझेल जळताना नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, छातीला कळतात. ते किती बाहेर पडतात हे मोजायला लॅबमध्ये गाडी रोलरवर चालवतात. चाकं फिरतात, पण स्टिअरिंग हलत नाही. गाडीत ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर असतो. त्याला अशा खुणांवरून कळायचं की परीक्षा चालू आहे. तेवढा वेळ गाडी शहाण्यासारखी वागायची. रस्त्यावर आली की पहिले पाढे पंचावन्न.

त्या दिवसांत टीव्हीवर आणि व्हॉट्सॲपवर हीच चर्चा होती. शोरूमच्या दारातही लोक वाद घालत.

"पीयूसी तर पास आहे की," एक जण म्हणायचा. मी सांगायचो, पीयूसीत उभ्या गाडीच्या धुराचा काळेपणा बघतात, हा वायू त्यात मोजत नाहीत.

"मग एसटीच्या धुराचं काय? तिला कोण विचारतं?" दुसरा म्हणायचा.

पुण्याहून एरिया मॅनेजर आले. भागवतने त्यांना रावसाहेबांच्या गाडीबद्दल विचारलं.

"गाडी परत घेता येणार नाही. तशी पॉलिसीच नाही. ईसीयूचं अपडेट आलंय, ते करून द्या. आणि चीटिंग हा शब्द नको."

"अपडेटने किती फरक पडतो, सर?" मी विचारलं.

"पडतो. कंपनीने कळवलंय."

"गाडी चाचणीत पास आहे, हेही कंपनीनेच कळवलं होतं," भागवत म्हणाला.

मॅनेजर वाईट गृहस्थ नव्हते. "भागवत, तुला नोकरी करायची आहे, मलाही करायची आहे. कस्टमरने विचारलं तर गाडी आता क्लीन आहे म्हणायचं. संपलं."

अपडेट म्हणजे लॅपटॉप जोडून ईसीयूतला प्रोग्राम बदलायचा. ते मी स्वतः उभं राहून करून घेतलं. बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं ती गाडी घेऊन घोडेगावला गेलो. रावसाहेब चहाच्या टपरीवर चारचौघांत बसले होते.

"आली बघा रावसाहेब तुमची गाय," त्यातला एक जण म्हणाला.

"जन्मभर लोकांच्या गाईची कास दाबून बघितली या गड्यानं. अन् स्वतः घेताना नुसता रंग बघितला."

"रंग तरी लई झाक हाय," तिसरा म्हणाला. सगळे हसले. रावसाहेब हसले नाहीत. त्यांनी आम्हाला बाकावर जागा करून दिली.

"काय केलं तिला?"

भागवतने अपडेटचं सांगितलं.

"म्हंजे आता साफ झाली? लावू ओसरीला?"

काय म्हणायचं ते आम्हाला दोघांनाही सांगून ठेवलेलं होतं.

"माहीत नाही, रावसाहेब," तो म्हणाला. "कंपनी म्हणते, कमी झालं. मोजायचं मशीन आमच्याकडे नाही. आणि कमी झालं म्हणजे बंद झालं नाही. मागच्या वेळी बिनघोर म्हणालो, ते ठाऊक नसताना म्हणालो. ही सुनेजवळ लावू नका."

रावसाहेबांनी चहा संपवला.

"ही तर तुमी खोड सांगितली, भागवतराव."

"हो."

"मग द्या किल्ली. खोड सांगून दिलेलं जनावर परत करता येत न्हाई. लावीन गोठ्याच्या पल्याड." मग हळू आवाजात म्हणाले, "पन आदी कळलं असतं तर बरं हुतं."

"मलाही," भागवत म्हणाला.

एवढं बोलणं चारचौघांत झालं होतं, ते पुण्यापर्यंत पोचायचंच. भागवतला इन्शुरन्सच्या काउंटरवर बसवलं. नवी गाडी विकायला त्याला पुन्हा दिली नाही. गिऱ्हाइकं मात्र शोरूममध्ये आली की आधी त्याच्या काउंटरपाशी जायची आणि कोणती गाडी घेऊ म्हणून विचारायची. तो माहीत असेल तेवढं सांगायचा आणि बाकीचं माहीत नाही म्हणायचा. मॅनेजर बदलले, तरी त्याची जागा बदलली नाही.

या धंद्यात मी एवढंच शिकलो की 'माहीत नाही' हे गाडी विकण्याआधी म्हणावं. नंतर म्हटलं तर गिऱ्हाईक समजून घेतं, ऑफिस घेत नाही.

रावसाहेबांची गाडी अजून माझ्याकडेच सर्व्हिसिंगला येते. सुनेचा दमा आहे तसाच आहे. भागवत नाही.