पहिला भाग न पाहिलेली माणसं

श्रीवर्धनच्या एसटी स्टँडवर शेजारचा दामू माझी बॅग चढवताना म्हणाला, "जातोस तर जा. पण तिकडं पोरावर खेकसू नको. इकडं खपून गेलं." माझी बायको सुलोचना नुकतीच गेली होती. वाडीत सुपारी गळून पडली होती, वेचायला हात उठत नव्हता. मुलगा विलास पनवेलला चला म्हणाला. निघालो.

तुम्ही गावची माणसं फोनवर विचारता, करमतं का. न्हाय करमत. जेवण वेळेवर, पाणी गरम, सून चांगली. तरी दिवस सरत नाही.

मागच्या रविवारी मला सिनेमाला नेलं. कोण कुणाला कशासाठी मारतोय, कळेना. सारखा विचारत होतो. सून कानाशी म्हणाली, "बाबा, हा सीक्वेल आहे. म्हणजे पुढचा भाग. आधीचा बघितलाय असं धरूनच काढतात."

"आणि ज्यानं बघितला न्हाय त्यानं?"

"गप बसून पॉपकॉर्न खायचे."

तोंडाची बरी आहे. घरी आल्यावर तिनं नीट सांगितलं. नुसता दुसरा सिनेमा काढला म्हणून सीक्वेल होत नाही, गोष्ट आधीची संपली तिथून पुढं जावी लागते. पुस्तकांचेही असतात म्हणे.

शब्द डोक्यात बसला. इथं बिल्डिंगीत मी पाचव्या मजल्यावरचे काका. माणसं वाईट नाहीत, पण त्यांनी आधीचं काही बघितलेलं नाही. मला सही सुलूनं शिकवली. व्यापाऱ्याशी भाव तीच करायची, माझी भांडणंसुद्धा तीच भांडायची. यांना वाटतं, मी म्हातारा आणि एकटाच जन्मलो.

काल विलास म्हणाला, "गावच्या घराला गिऱ्हाईक आलंय, होमस्टे करणार. तुम्ही काय आता तिकडं राहणार नाही."

खरं आहे. गुडघे गेलेत, मला साधा भात टाकता येत नाही. तरी मी नको म्हटलं.

"मग ठेवायचं कशाला?"

"तिथं उतरलो की नाक्यावर कुणीतरी म्हणतं, सुलूचा नवरा आला. इथं मी तुझा बाप. तिथं अजून तिचा नवरा हाय."

विलासनं फोन हातात घेतला. मग गिऱ्हाईकाला नको म्हणून कळवलं.

तेव्हा घर आहे. मी तिथं राहायला येणार नाही. पण येईन तेव्हा माझ्याशी तिच्याबद्दल बोला. तब्येत विचारू नका.