भाच्याचा डावा हात

माझ्या भाच्याचं जावळ आम्ही जांबच्या देवळात काढलं. तेव्हा त्याला दहावा महिना लागला होता. आई-वडील गेल्यापासून माझं माहेर म्हणजे परतूरचं धाकट्या भावाचं घर, आणि त्या घरातलं हे पहिलं लेकरू. बारशाला त्याच्या कानात नाव मीच सांगितलेलं. त्यामुळे जावळाला मी जालन्याहून येणार की नाही, हे कुणी विचारलंही नाही.

रिवाजाप्रमाणे लेकरू मामाच्या मांडीवर बसलं. वस्तरा लागला तसं रडलं, डोकं गुळगुळीत झाल्यावर स्वतःच्याच टाळूला हात लावून गप्प झालं. पुजाऱ्यांनी केळ्याचा तुकडा पुढे केला, तो त्याने पटकन उजव्या हातात घेतला.

"बघा, कसा बराबर उजवा हात पुढं करतो," भावजय कौतुकाने म्हणाली. "खुळखुळा द्या, बिस्कीट द्या, डाव्या हातानं काही घेतच न्हाई. शिकवावं लागलं न्हाई बिलकुल."

"संस्कार आहेत," पुजारी म्हणाले, आणि सगळे हसले.

मीही हसले, पण ते वाक्य मनात अडकलं. मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. इतक्या लहान लेकराला डावं-उजवं नसतं. वस्तू ज्या बाजूला असेल त्या बाजूचा हात ते पुढे करतं. एवढ्यातच एक हात लाडका झाला असेल, तर आम्हाला दुसऱ्या हाताकडे बघावं लागतं.

जेवणं झाल्यावर देवळाबाहेरच्या झाडाखाली सतरंजी टाकली होती. मामा भाच्याला विमान करून खेळवायला लागला. पोटाखाली दोन्ही हातांनी धरायचं, हवेतून फिरवायचं आणि एकदम डोकं खाली करून सतरंजीकडे न्यायचं. पोर खिदळत होतं. मामाला माहीत नव्हतं, पण दवाखान्यात मी रोज हेच करते. आम्ही त्याला पॅराशूट चाचणी म्हणतो. नऊ-दहा महिन्यांच्या लेकराला असं जमिनीकडे झुकवलं की त्याचे दोन्ही हात आपोआप पुढे येतात, बोटं पसरतात, तळवे जमिनीला टेकायला तयार होतात. हे कुणी शिकवत नाही, आणि जन्मतः येतही नाही. आधी मान सावरते, मग पाठ, मग बसता येतं, आणि त्याच सुमाराला एके दिवशी शरीराला कळतं की पडताना तोंड वाचवायचं असतं.

विमान खाली आलं. उजवा हात पंख्यासारखा उघडला. डावा कोपरात दुमडलेला, मूठ छातीशी, अंगठा मुठीच्या आत.

एखादवेळी असं होतं, मी स्वतःला सांगितलं. मामाने पुन्हा केलं. पुन्हा तसंच. बायका टाळ्या वाजवत होत्या, भावजय फोनमध्ये शूटिंग करत होती, आणि मी त्या एका मुठीकडे बघत उभी होते.

परतीच्या गाडीत मी त्याला मांडीवर घेतलं. तो पेंगुळला होता. हळूच डावी मूठ उघडली. उघडली, पण सोडल्यावर पुन्हा मिटली. दवाखान्यात अशा वेळी मला काय बोलायचं ते पाठ असतं. समोरच्या आईला बसवायचं, पाणी द्यायचं, आधी लेकराला काय काय येतं ते सांगायचं, मग काय येत नाही ते. इथे समोरच्या सीटवर भावजय पाहुण्यांच्या आहेरांबद्दल बोलत होती, भाऊ गाडी चालवता चालवता हुं हुं करत होता, आणि मला पहिला शब्द सापडत नव्हता. आनंदाच्या दिवशी बोलायचं नाही, एवढंच मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दुकान उघडायला निघायच्या आत मी भाच्याला दिवाणावर बसवलं. समोर वाटी-चमचा ठेवला. तो खेळात रमल्यावर कमरेपाशी हलकंसं उजवीकडे ढकललं. उजवा हात टेकला, तो सावरला. मग डावीकडे ढकललं. तो गव्हाच्या पोत्यासारखा सरळ कलंडला. हात आला नाही. मी मध्येच झेललं.

"ताई, काय करून राह्यलात?" भावजय दारात उभी होती. हाताला कणीक.

"खेळवतेय."

"असं ढकलून?"

मग खोटं बोलवेना. भावाला हाक मारली, दोघांना बसायला सांगितलं, आणि त्यांच्यासमोर ते पुन्हा केलं. आधी उजवीकडे, मग डावीकडे. मग पोटाखाली धरून दिवाणाच्या गादीकडे झुकवलं. भाऊ खाली वाकून बघत होता. भावजय लेकराच्या तोंडाकडे बघत होती, ते हसतंय की नाही एवढंच.

"डावा हात उशिरा येतोय," मी म्हणाले. "एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवून घेऊ."

"काय झालंय त्याला?" भावाने विचारलं.

"मेंदूकडून त्या बाजूला निरोप नीट पोचत नसेल. नक्की काय ते डॉक्टरच सांगतील."

भावजयीने लेकरू माझ्या हातातून घेतलं. घेतलं म्हणजे ओढलंच. कणकेचे हात त्याच्या नव्या झबल्याला लागले. "तुम्ही दिवसभर आजारी लेकरं बघता, ताई. तुम्हाला ह्याच्यातही तेच दिसून राह्यलं. माझं लेकरू बसतं, हसतं, सगळ्यांना ओळखतं. तुमचा दवाखाना माझ्या घरात नका आणू."

भाऊ म्हणाला, "अगं, ती आत्या आहे त्याची."

"मंग आत्यासारखं वागा म्हणावं."

ती आत गेली. भाऊ दुकानाला गेला नाही, चपला घालून ओट्यावर तसाच बसून राहिला. मी माझी बॅग भरायला घेतली. जालन्याची गाडी होती, आणि इथे थांबून बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. राग आला नव्हता. तिच्या जागी दुसरी कुणी आई असती तर तिनेही हेच केलं असतं, आणि मी शांतपणे ऐकून घेतलं असतं. फक्त ते माझ्याच माहेरी ऐकायची मला सवय नव्हती.

थोड्या वेळाने आतून पाण्याचा आवाज आला. भावजय लेकराला अंघोळ घालत होती. टॉवेलात गुंडाळून ती बाहेरच्या खोलीत आली, माझ्याकडे न बघता दिवाणावर बसली आणि त्याला शर्ट घालायला लागली. डाव्या हातापासून सुरुवात केली. कोपर हळूहळू सरळ करत, मूठ आपल्या बोटांत धरून बाहीतून बाहेर काढली. मग उजवा. उजवा आपणच बाहीत शिरला.

"नेहमी डावी बाहीच आधी घालतेस?" मी विचारलं.

"हो. ही नंतर घातली तर अडकती. हात ताठ करतो ना. आधी ही घालायची, मंग..."

ती थांबली. बटण लावणारी बोटं तशीच शर्टावर राहिली. तिने बाहीकडे पाहिलं, मग लेकराकडे.

"कधीपासून घालून राह्यले मी अशी?" तिने विचारलं. ते मला विचारलेलं नव्हतं.

मी जवळ जाऊन बसले. ती रडली नाही. तिने मूठ उघडून स्वतःचं बोट आत दिलं आणि विचारलं, "कुठल्या डॉक्टरकडं जायचं?"

पुढच्या आठवड्यात आम्ही संभाजीनगरला गेलो. तपासण्या झाल्या, मेंदूचं चित्र काढलं. डॉक्टरांनी पडद्यावर एक लहानसा डाग दाखवला. मेंदूच्या त्या भागाला जन्माच्या आगेमागे कधीतरी रक्त कमी पडलं होतं. का पडलं ते सांगता येत नाही, कित्येकदा कळतच नाही, असं ते म्हणाले. तो डाग वाढणार नाही, पण पुसलाही जाणार नाही.

बाहेर बाकड्यावर बसल्यावर भावजयीने विचारलं, "माझं काय चुकलं? सातव्या महिन्यात मी बहिणीच्या लग्नाला गेल्ते, ते तर न्हाई ना?"

"काहीच चुकलं नाही."

"तुम्ही मला बरं वाटावं म्हणून म्हणता."

"नाही. तसं असतं तर तसंच सांगितलं असतं. मी गोड बोलत नाही, तू बघितलंयस."

त्यावर ती पहिल्यांदा जराशी हसली.

उपचार घरातच करायचे होते. माझं मधूनमधून येणं व्हायचं, रोजचं सगळं त्या दोघांवर. रोज काही वेळ उजव्या हातावर मोजा चढवायचा, म्हणजे डाव्याला काम पडेल. हे भावजयीला जमेना. "चांगला हात बांधायचा? पापच की हे," म्हणायची, आणि मोजा चढवून पुन्हा काढायची. शेवटी ते काम भावाने घेतलं. दुकान बंद केल्यावर जेवायच्या आधी तो जमिनीवर बसायचा, मोजा घालायचा आणि समोर रिकामे डबे रचायचा. लेकराने डाव्या मुठीने ते पाडायचे. पडले की भाऊ मोठ्याने "अरे बाप रे!" म्हणायचा. घरात तोपर्यंत मी भावाचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

लोडावर पालथं घालून पुढे झुकवायचं मात्र भावजयीनेच घेतलं. सुरुवातीला ती अर्ध्यातूनच त्याला उचलून छातीशी धरायची. आपल्याच पोटच्या पोराला मुद्दाम पाडायला न्यायचं म्हणजे काय असतं ते मला त्या दिवसांत कळलं. दवाखान्यात मी आयांना सहज सांगायचे, घरी रोज करा. आता सांगताना जरा थांबते. आणि लेकरू उचलायच्या आधी विचारते, कपडे कसे घालता, कुठली बाही अडते.

डावा हात एकदम आला नाही. आधी खांदा पुढे सरकू लागला. मग मुठीसकट हात येऊ लागला, पण उजव्याच्या मागून. एका दुपारी भावजयीचा फोन आला. "ताई, आज उघडला. पूरा न्हाई, पण अंगठा बाहेर आल्ता." मागून लेकराचं रडणं ऐकू येत होतं. बहुतेक दोघं खेळता खेळता लोडावरून घसरले होते. ती त्याला समजावत होती आणि मलाही सांगत होती, एकाच वेळी.

त्याहून फार पुढे तो हात गेला नाही. त्या बाजूचा पायही कच्चा होता; भाचा उशिरा चालायला लागला, पायात आधाराच्या पट्ट्याचा बूट घालून. अजून जोरात पळाला की डावा पाय किंचित ओढतो. डावा हात मदतीचा हात झाला आहे. बाटली डाव्या काखेत दाबायची, झाकण उजव्याने फिरवायचं. जावळाच्या दिवशी मी ते पाहिलं नसतं तरी पुढे कुणीतरी पाहिलं असतंच. थोडे महिने आधी कळलं, त्या महिन्यांत काय मिळालं हे नेमकं मोजता येत नाही. अंगठा बाहेर येतो, हे आहे.

आता तो शाळेत जातो. यंदा संक्रांतीला मी परतूरला होते. गच्चीवर आम्ही दोघंच पतंग उडवत होतो. फिरकी त्याने डाव्या दंडाशी दाबून धरली होती, मांजा उजव्या हातात. हात असा का, असं कुणी विचारलं की तो सांगतो, "हा जरा हळू ऐकतो." हे त्याचं त्यानेच शोधलेलं वाक्य आहे.

खालून भावजयीने हाक मारली, "ताई, चला, पोळ्या गार होऊन राह्यल्या."

त्याने फिरकी खाली ठेवून मांजा माझ्या हातात दिला. "आत्या, तू धर. मला जिना उतरायचाय, कठड्याला हा हात लागतो." उजवा हात दाखवून तो निघाला. मी तुला धरू का, असं तोंडाशी आलं होतं, पण तो दोन पायऱ्या उतरलाही होता. वर पतंगाला ओढ लागली होती. मी मांजा सावरत, त्याच्या बुटांचा आवाज ऐकत तिथेच उभी राहिले.