दुसरा नारळ

रेणापूर नाक्याजवळ मी मोटार रिवाइंडिंगचं, विजेच्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान टाकलं, तेव्हा गिऱ्हाईक जळलेली मोटार खाली ठेवायचं आणि माझ्या डोक्यावरून आत बघत विचारायचं, "मिस्त्री कुठं हायत?" हातात तांब्याची तार, बोटांना वार्निश, मांडीवर अर्धी गुंडाळलेली कॉईल, तरी मी त्यांना दिसायचे नाही. संताप व्हायचा. पण संतापून गिऱ्हाईक हाकललं असतं, तर दुकानात मी आणि सासूबाई दोघीच उरलो असतो.

सासूबाई दारात खुर्ची टाकून तूर निवडत बसायच्या. त्यांनी यावर स्वतःचा तोडगा काढला होता. मी तोंड उघडायच्या आत त्या सांगून मोकळ्या व्हायच्या, "मिस्त्री भाईर गेलेत. ठेवून जावा, सांजच्याला या." आमचे मिस्त्री रोजच बाहेर गेलेले असायचे. गिऱ्हाईक टिकावं म्हणून त्या खोटं बोलतात, हे कळायचं, आणि म्हणूनच जास्त लागायचं.

काम मी माहेरी, नांदेडला शिकले. उस्तादांच्या दुकानात मागच्या खोलीत आम्ही बायका कॉईल गुंडाळायचो. त्या मोटारीत बसवायच्या, जोडायच्या त्या पुढे, पुरुषांनी. पाणी द्यायच्या निमित्तानं मी पुढे जायचे आणि बघत उभी राहायचे. एकदा उस्तादांनी माझ्या हातातला ग्लास काढून घेतला आणि पक्कड दिली. "बेटा, नुसतं बघून हात बसत न्हाई," म्हणाले.

नवऱ्यानं दुकानाला नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाला, की तुरीच्या हंगामापर्यंत बघू. तोवर एखादं मोठं गिऱ्हाईक धरलं नाही, तर कुलूप लावायचं.

हंगाम लागला आणि लातूरच्या एका डाळ मिलची मोटार जळली. त्यांचा नेहमीचा मिस्त्री गावी लग्नाला गेलेला, म्हणून मालक नाइलाजानं माझ्या दारात. कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज हळू. त्यांनी मला बघितलं, मग सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई काही बोलणार तोच मी म्हणाले, "मिस्त्री मीच आहे. बाहेर कुणीही गेलेलं नाही." मालक म्हणाले, "चालली तर मिलच्या समद्या मोटारी तुमच्याकडं." नाही चालली तर काय, ते मला माहीत होतं.

त्या मिलमध्ये रिवाज असा, की दुरुस्त मोटार जागेवर बसली की बटन दाबायच्या आधी तिच्यासमोर नारळ फोडायचा, आणि तो मिस्त्रीनं फोडायचा. मी मोटार बसवली, हात पुसले. नारळ आला आणि माझ्यासमोरून थेट मिलच्या ऑपरेटरच्या हातात गेला. "बाईमाणसानं नारळ फोडू न्हाई," तो म्हणाला आणि त्यानंच फोडला. हे मी लहानपणापासून ऐकलेलं. मी फक्त म्हणाले, "आधी पट्टा काढा. मोटार मोकळी फिरवून बघायचीय." थ्री फेजची मोटार नव्यानं जोडली की सरळ फिरेल की उलटी, ते फिरवल्याशिवाय कळत नाही. पण ऑपरेटर म्हणाला, "नारळ फुटल्यावर थांबायचं नसतंय," आणि त्यानं बटन दाबलं.

मोटार उलटी फिरली. तूर वर नेणाऱ्या बादल्या खाली धावू लागल्या, तूर उसळून फरशीभर झाली. हमाल खदाखदा हसले. ऑपरेटरनं बटन बंद केलं. "म्या म्हणलं न्हवतं का मालक? वाया घालवली मोटार." माझे कान तापले होते, पण त्याच कानांनी मी मोटारीचा आवाज ऐकला होता. स्वच्छ होता. मेन स्विच पाडला, पट्टा उतरवला, तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल केली. "आता दाबा."

सरळ फिरली. पट्टा चढवला, बादल्या वर निघाल्या, मिल धडधडू लागली. पायाखालची फरशी थरथरत होती आणि मला हसू आवरत नव्हतं.

मालकांनी हात वर करून मिल बंद करायला लावली. भर हंगामात चालती मिल कुणी थांबवत नाही. "दुसरा नारळ आणा," ते म्हणाले. "पहिला मिस्त्रीच्या हातचा न्हवता. म्हणून उलटी फिरली." उलटी वायरींमुळे फिरली होती, पण ते तेव्हा समजावून सांगायला मी खुळी नव्हते. नारळ घेतला आणि एका दणक्यात फोडला.

फुटल्या नारळाचा अर्धा वाटा मिस्त्रीचा. संध्याकाळी तो मी सासूबाईंच्या हातात ठेवला.

"कुणी फोडला?"

"मी."

त्यांनी उठून तो देवापुढं ठेवला.

दुसऱ्या दिवशी शिरूर अनंतपाळचा एक शेतकरी गाडीवर मोटार बांधून आला. माझ्या डोक्यावरून आत बघत म्हणाला, "मिस्त्री कुठं हायत?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी सुपातून मान वर केली. "समोर बसलीय की. दिसंना का तुला?"